गावांचं कपाट

अण्णा,

आपलं भांडण अर्ध्यावरच राहिलं. परवा विंझरहून सकाळी निघालो तो ते पुरं करायलाच. वाटेनं चालताना काय काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. नसरापूरला भोरच्या मोटारीची वाट पाहत उभा राहिलो, तर चहाच्या दुकानातला माणूस म्हणाला, "मास्तर, भोरला निघाला व्हय? वाचनालयवाले अण्णा गेले म्हनं पहाटं." मोटार आली, मी तिच्यात बसलो. तुमच्या दारापर्यंत आलो आणि गर्दीच्या मागेच थांबलो. ज्याच्याशी भांडायला निघालो, त्याच्याच अंत्ययात्रेत कुठं उभं राहायचं, ते मला कळेना.

म्हणून आता लिहून बोलतो. तुमचा जन्म, शिक्षण, वाचनालयाची सेवा, हे सगळं दुसरे लिहितील. त्यांना तुमच्याकडून काही यायचं राहिलेलं नाही. माझं राहिलंय.

तुम्ही आमच्या वस्तीत पहिल्यांदा आलात तेव्हा मी सातवीच्या फायनलच्या परीक्षेला बसणार होतो. धरणाचं पाणी चढून वेळवंडीच्या काठचं आमचं गाव बुडालं होतं आणि सगळं गाव वर माळावर येऊन राहिलं होतं. मराठ्यांची घरं वरच्या अंगाला, आमचा महारवाडा खाली. बुडालेल्या गावांची हकीगत गावच्या माणसांच्या तोंडून लिहून घ्यायची आणि वाचनालयात ठेवायची, असं तुमच्या मनात आलं होतं. पाटलांची हकीगत तुम्ही आधीच घेतली होती. तिथूनच उतरून खाली आलात.

माझा बा, भिवा, अंगणात दोर वळत बसला होता. "जोहार मायबाप," म्हणून तो उठला. मी "नमस्कार" म्हणालो. तेव्हा तुम्ही माझ्याकडे एकदा नीट पाहिलंत. मग सारवलेल्या जमिनीवरच बसलात आणि म्हणालात, "भिवा, तुझ्या गावाचं सांग."

बा तुमच्यापेक्षा वयानं मोठा. घरात आम्हीही त्याला एकेरीत हाक मारायचो, पण ती माया होती. तुमचं 'सांग' मला टोचलं.

बानं विचारलं, "ल्हून काय करनार?"

"वाचनालयात ठेवणार. पुढच्या माणसांना वाचायला."

"मला वाचाया येत न्हाई. ह्या माज्या ल्येकाला येतं, पर त्येला तुमच्या वाचनालयात येता येत न्हाई. मंग कुनासाठी ठेवनार?"

तुम्ही मान खाली घालून दौतीचं बूच काढत बसलात. बा तुमच्याकडे बघत राहिला, मग हसला आणि म्हणाला, "बरं, ल्हिवा." तुम्ही गेल्यावर मी त्याच्यावर चिडलो. कशाला सांगितलंस म्हणालो. तो म्हणाला, "आजवर कुनी इचारलंच न्हवतं. कुनीतरी इचारलं, तर सांगू नगं?"

मग तुम्ही येतच राहिलात. राजगडाच्या पहाऱ्याला आमच्या घरातला कोण जायचा, गडावरून कोणती हाळी दिली की खालच्या वाडीत काय समजायचं, शिवेचा दगड कुणी आणि कसा रोवला, पाण्याखाली गेलेल्या देवीला कोणता मान कुणाचा होता. बा सांगायचा, आई चुलीपासून ओरडून त्यात भर घालायची, आणि तुम्ही दोघांचंही लिहायचात. "मावशी, जरा सावकाश," असं तुम्ही आईला म्हणालात त्या दिवशी ती दिवसभर खुशीत होती.

एकदा बानं आत्याचं सांगितलं. गाव हलत होतं त्या दिवसांत माझी आत्या तापानं गेली. जुनी मसणवट पाण्यात गेलेली, नवी कुठं ते ठरलेलं नाही. वरच्या माळावर जागा द्यायला कुणी तयार होईना. बा आणि चुलता तिला खांद्यावर घेऊन या बांधावरून त्या बांधावर फिरले आणि शेवटी ओढ्याच्या काठाला तिला माती दिली. "पावसाळ्यात वढा लई फुगतो," एवढंच बोलून बा थांबला. तुम्ही लिहायचं थांबवलंत. मग तुम्ही म्हणालात, "पुढं काय झालं, भिवाबा? सांगा."

त्या दिवसापासून तुम्ही बाला कधी एकेरीत बोलला नाहीत. तुमच्या ते ध्यानात होतं की नाही, मला माहीत नाही. माझ्या होतं. तुमच्या पिशवीत तुमचा पाण्याचा तांब्या मात्र कायम असायचा. त्याच्याविषयी मी कधी बोललो नाही. तुम्हीही नाही.

अण्णा, तुमचं देणं मी नाकारत नाही. वाचनालयात तुम्ही एक कपाट रिकामं करून घेतलंत आणि त्याला 'गावांचं कपाट' म्हणू लागलात. वेल्ह्याकडच्या कोळणींची गाणी, धनगरांनी सांगितलेली गवतांची नावं, तोरण्याच्या पायथ्याच्या शेतकऱ्यांच्या आठवणी, कुठल्याशा देवळातल्या लेखाची नक्कल, सगळं त्यात आलं. छापलेल्या पुस्तकांत आमचे डोंगर होते, माणसं नव्हती. तुमच्या कपाटात माणसं होती. मला आत यायची बंदी होती, तेव्हा तुम्ही स्वतःच्या नावावर पुस्तकं काढून मला घरी आणून देत होता. त्या पुस्तकांवर मी मास्तर झालो. हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागलं.

बाची हकीगत वाचनालयात जाहीर वाचायची, असं तुम्ही ठरवलंत. मोठ्या आनंदानं सांगायला आलात. मी विचारलं, "बा कुठं बसणार?"

तुमचा चेहरा उतरला. "कमिटीनं परवानगी दिली आहे सखाराम, पण अट घातली आहे. तुम्ही मंडळींनी अंगणात बसायचं. मी सगळ्या खिडक्या उघड्या ठेवणार आहे. शब्द न् शब्द ऐकू येईल."

"आणि हे तुम्ही कबूल केलंत?"

"आधी हकीगत तर आत जाऊ दे. माणसं तिच्यामागं येतील."

"हकीगतीला जात नाही, म्हणून ती आत जाते. ज्यानं सांगितली तो बाहेर. असलं वाचन करूच नका."

बानं मला गप्प केलं. "मी जानार," म्हणाला. "माजं गाव हाय, म्या सांगितलंय. कसं वाचत्यात ते मला ऐकायचंय." त्यानं धुतलेलं पागोटं घातलं. आई आली, चुलता आला, आमच्या वाड्यातली दहा-बारा माणसं आली. रविवारची दुपार होती. आत सतरंजीवर तुमची भोरची मंडळी बसली होती, खुर्चीवर कमिटीचे अध्यक्ष वकीलसाहेब. आमच्या गावची वरच्या आळीची माणसंही तुम्ही बोलावली होती. पाटलांचा पुतण्या ज्ञानू अगदी खिडकीला टेकून बसला होता. मला तो दिसत होता, त्याला मी.

तुम्ही छान वाचत होता. गडाचा पहारा आला, देवी आली, शिवेचा दगड आला. बा मान उंच करून ऐकत होता, मधेच "व्हय, आसंच" म्हणत होता. आत्याचं आलं तेव्हा आई डोळ्याला पदर लावून बसली. आतलीही माणसं स्तब्ध झाली होती. मला क्षणभर वाटलं, अण्णांचंच खरं असेल.

आणि मग तुम्ही झरा गाळलात.

नव्या जागेवर एकच झरा होता. तो सगळ्या गावाचा, असं जागा देताना सांगितलेलं होतं. वरच्या आळीनं रातोरात भोवती काट्यांचं कुंपण घातलं. आम्ही खालच्या बाजूला, जनावरं जिथं पितात तिथलं पाणी भरत होतो. बानं हे सांगितलं होतं, काटे कुणी कुणी आणले ती नावंही सांगितली होती, आणि तुम्ही ती लिहिली होती. त्या दिवशी मात्र तुम्ही ते सोडून थेट पुढचं, जत्रेचं वाचायला लागलात.

बा उभा राहिला. "अण्णासाहेब, झऱ्याचं ऱ्हायलं."

तुम्ही थांबलात. आत कुणीतरी खोकलं. वकीलसाहेब म्हणाले, "पुढं वाचा."

"म्या सांगितलं व्हतं," बा म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्यानं. "तुमी ल्हिलं व्हतं. म्या बघत व्हतो ल्हिताना."

"भिवा, खाली बस," वकीलसाहेब खुर्चीतूनच म्हणाले. "नाहीतर घरी जा."

मी बाचा हात धरला. वरच्या आळीची माणसं खिडक्यांतून आमच्याकडे बघत होती. त्यांच्याच गावात आम्हाला परत जायचं होतं, त्यांच्याच वाटेनं. आई हळू आवाजात म्हणत होती, "बसा वो, बसा खाली." बा बसेना. आणि आतून पावलं वाजली.

तुम्ही दारातून बाहेर आलात, हातात कागद, पायात काही नाही. पायऱ्या उतरून अंगणात बाच्या शेजारी येऊन उभे राहिलात आणि झऱ्याचं वाचायला लागलात. नावांसकट. आतून "बंद करा, बंद करा" असं कुणी ओरडलं. तुम्ही एक नावही गाळलं नाहीत. आत जे बसले होते त्यांना ऐकायचं तर खिडकीशी यावं लागत होतं, आणि ते येत होते. मी आयुष्यात तेवढा ताठ कधी उभा राहिलो नव्हतो.

गावानं आमची कामं बंद केली. चुलत्याला रानात अडवून मारलं. ते आम्ही सोसलं, कारण आमच्या बाजूनं भोरच्या भर पेठेत एक माणूस उभा राहिला होता.

मग कळलं, तुम्ही कमिटीला माफी लिहून दिली.

नीरेच्या घाटावर मी तुम्हाला गाठलं. तुम्ही धुतलेलं धोतर पिळत होता.

"कशाची माफी मागितलीत?" मी विचारलं.

"सभेची शिस्त मोडल्याची."

"म्हणजे बाच्या शेजारी उभं राहिल्याची."

तुम्ही धोतर दगडावर ठेवलंत. "सखाराम, मी नोकरी सोडायला तयार होतो. पण मी गेलो असतो तर दुसऱ्या दिवशी ते कपाट रिकामं करून कागद बंबात घातले असते. तसं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. तुझ्या आईची वाक्यं आहेत त्यात. वेल्ह्याच्या त्या म्हाताऱ्या बायका, त्यांतल्या निम्म्या आता नाहीत. ते परत कुठून आणणार होतो मी? माझी मान खाली गेली, जाऊ दे."

"मान तुमची एकट्याची नव्हती, अण्णा. तुम्ही बाच्या शेजारी उभे होता."

तुम्ही धोतर पुन्हा पिळायला घेतलंत. मी निघून आलो.

त्यानंतर कित्येक वर्षं आपण बोललो नाही. मी विंझरच्या शाळेत लागलो. बाला मी म्हणायचो, तुझ्या अण्णासाहेबांनी पाठ फिरवली. बाला ते पटायचं नाही आणि तो तुमची बाजूही घ्यायचा नाही. एकदा एवढंच म्हणाला, "त्यो भाईर आला व्हता. मंग आत गेला. त्येचं घर आतच हाय की रं." तो गेला तेव्हा तुम्ही मातीला आलात, सगळं होईपर्यंत थांबलात. आपण एकमेकांकडे पाहिलं. तेवढंच.

भोर संस्थान विलीन झालं आणि वाचनालयाचं दार सगळ्यांना उघडलं. ज्या दारातून मला आत न्यायला तुमची उमर गेली, ते सरकारी हुकमानं एका दिवसात मोकळं झालं. तुम्ही निरोप धाडलात, "सखाराम मास्तरांना म्हणावं, आता या." मी वाचनालयात आलो नाही. तुमच्या घरी आलो. दम्यानं तुम्ही अगदी खंगला होता. खाटेवर पाठीशी लोड घेऊन बसला होता. काकूंनी चहा आणला, तुम्हाला आणि मला सारख्याच कपात. आपण दोघांनीही त्या कपांकडे पाहिलं.

तुम्ही एकदम विचारलंत, "मी चुकलो का रे?"

"हो," मी म्हणालो.

"आणि कपाट गेलं असतं तर?"

"तर आम्ही पुन्हा सांगितलं असतं. बा तेव्हा जिवंत होता."

"पुन्हा सांगितलं असतं, आणि लिहिलं कुणी असतं?"

"मी लिहिलं असतं."

तुम्हाला हसू आलं, हसण्यातून खोकला आला, आणि तो थांबेना. काकूंनी मला खुणेनं पुरे म्हणून सांगितलं. दाराशी गेलो तर मागून तुमचा आवाज, "माझं म्हणणं संपलेलं नाही हं, मास्तर."

माझंही संपलेलं नव्हतं.

काल तुमची शोकसभा झाली. वाचनालयात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते असं. सतरंजीवर मधोमध बसलो. कुणी सरकून बसलं नाही, कुणी या म्हणालंही नाही. वकीलसाहेब आता थकलेत. ते म्हणाले, अण्णांनी उभ्या आयुष्यात कुणाचं मन दुखवलं नाही, कधी कुणाशी वाद घातला नाही. मला ते ऐकवेना. तुम्हाला असं गुळगुळीत करून नेत होते, आणि तेही तुमच्या कपाटासमोर.

मी उठलो. म्हणालो, "अण्णांनी वाद घातला होता. या समोरच्या अंगणात उभं राहून घातला होता, आणि त्याची माफी या सभेतल्या माणसांनी त्यांच्याकडून लिहून घेतली होती. ती कशाची होती, ते मी सांगतो."

"मास्तर, ही ती वेळ नव्हे," वकीलसाहेब म्हणाले.

सभेत कुजबुज सुरू झाली. कुणी माझ्या सदऱ्याला मागून ओढलं. मी सांगायला लागलो आणि बाच्या नावाशी येऊन अडलो. तेव्हा मागे भिंतीशी एक माणूस उभा राहिला. मी ओळखलं नाही लगेच. केस अकाली पिकलेले. आमच्या गावच्या पाटलांचा ज्ञानू.

"बोलू द्या त्यास्नी," तो म्हणाला. "म्या त्या दिशी हितंच खिडकीला बसलो व्हतो. अण्णांनी जी नावं वाचली त्यात माज्या चुलत्याचं नाव व्हतं. खोटं न्हवतं त्ये. काटं म्याबी वाहिलं व्हतं. माजं नाव भिवाबानी सांगितलं न्हाई, मी लहान व्हतो म्हनून आसंल."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. सभा आटोपली.

बाहेर ज्ञानू माझी वाट बघत होता. म्हणाला, "मास्तर, कुंपन अजून हाय. ते कागद घिऊन गावात या. चावडीम्होरं वाचा. मी संगं हाय. थोरला चुलता आडवा येईल, येऊ द्या."

"मारामारी होईल," मी म्हणालो.

"व्हईल," तो म्हणाला.

वाचनालयात परत गेलो. तुमच्या जागी आलेल्या नव्या गृहस्थांनी कपाट उघडून दिलं, मी झऱ्याची पानं उतरवून घेतली. तुमचं अक्षर. आईनं जिथं मधेच तोंड घातलं होतं तिथं तुम्ही 'भिवाबांच्या पत्नी म्हणतात' असं लिहिलंय. तुम्ही तिचंही लिहीत होता हे मला आठवत होतं, पण इतक्या मानानं लिहिलं होतं ते ठाऊक नव्हतं.

येत्या बाजारानंतर गावात जायचं ठरलंय. आईला सांगितलं, ती नको म्हणाली, मग म्हणाली मी बी येते. मला भीती वाटते, अण्णा. तेव्हा मी बाचा हात धरला होता, आता माझा हात धरायला कुणी नाही.

माफीबद्दल माझं मत बदललेलं नाही. तुम्ही ती द्यायला नको होती, हे मी तुम्हाला आजही तोंडावर सांगेन. पण कपाट गेलं असतं तर आज चावडीपुढं मी काय घेऊन उभा राहणार होतो, याचं खरं उत्तर मी घाटावरही दिलं नव्हतं, तुमच्या खाटेशीही दिलं नव्हतं, आणि आता रात्रंदिवस शोधूनही मला सापडत नाही. एवढं तुमच्यासमोर कबूल करायचं होतं. तुम्ही ते ऐकून काय म्हणाला असतात, तेवढं मला ऐकायचं होतं.

— सखाराम